बाटलीतला गॅस, रोटाला आणि दीड वर्षाची खटपट

माशांच्या टाकीत लावलेल्या रोटाला या झाडाची काडी उपटून हातात घेतली तेव्हा खालची चार बोटं नुसती काळी दोरी होती, एक पान नाही, वरती टोकाला तेवढा हिरवा झुपका आणि तोपण फिकट. दोन फुटी टाकी, लाईट चांगल्यातला घेतलेला, खाली माती, आठवड्याला लिक्विड खत, एवढं सगळं करून चौथ्या महिन्यात ही अवस्था, आणि दगडावर, अन्युबियसच्या पानांच्या कडेनं काळी दाढी, म्हणजे केसाळ काळं शेवाळ (अल्गी), धरलेली ती वेगळीच. ज्या दुकानातनं झाडं घेतो तिथल्या दादांना मोबाईलमधला फोटो दाखवला तर ते म्हणाले, "लाईट लै हाय भावा आणि गॅस शून्य. झाडानं खायचं काय?"

गॅस म्हणजे सीओटू, कार्बन डायऑक्साइड. मग त्यांनी त्याच्या सिलिंडरच्या सेटचा हिशेब सांगितला. सिलिंडर, रेग्युलेटर, सोलेनॉइड (विजेवर चालू-बंद होणारा व्हॉल्व्ह), डिफ्युझर (गॅसचे बारीक बुडबुडे करणारा), सगळं मिळून अकरा हजाराच्या वर. माझी अख्खी टाकी माशांसकट साडेचार हजारात उभी राहिलेली. बघतो म्हटलं आणि घरी आलो, आणि तिथनं पुढं दीड वर्ष या बाटल्यांच्या मागं आहे. हे लिहितोय ते एवढ्यासाठी की कमी पैशात ज्यांना झाडं वाढवायची आहेत त्यांना मी कुठं कुठं अडकलो ते आधी कळावं, आणि माझ्यासारखे कुणाचे मासे जाऊ नयेत.

मी कोल्हापुरात, उद्यमनगरात एका जॉबवर्कच्या शेडात लेथवर असतो. आमच्या शेजारी फौंड्री आहे, तिथं सीओटूची उंच सिलिंडरं साखळीनं बांधून उभी असतात. वाळूत सिलिकेट कालवून कोर भरायचा, त्यात थोडा वेळ गॅस सोडला की तो दगडागत घट्ट होतो. रोज डोळ्यासमोर तोच गॅस आणि घरी झाडं त्याच्याविना उपाशी, मला राहवेना. तिथल्या मोल्डर मामांना विचारलं, यातलं एखादं घरी नेता येईल का. मामा म्हणाले, "आरं ते धूड दोन माणसांनी हलवायचं, पडलं बिडलं तर? पोरगी हाय घरात तुझ्या." तो विषय तिथंच संपला. पण मामांच्या डोक्यात ते राहिलं, पुढं येईलच ते.

आधी थोडं हे की गॅस लागतोच का. पाणी नुसतं हवेत उघडं ठेवलं तर त्यात सीओटू लिटरला अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास राहतो. मासे, माती, बॅक्टेरिया यांच्यामुळं टाकीत तो थोडा जास्त असतो पण दोन-तीनच्या पुढं सहसा जात नाही. जोरदार लाईट लावून झाडं पळवायची असतील तर लोक वीस ते तीस धरतात. आणि हवेपेक्षा पाण्यात हा गॅस दहा हजार पट हळू पसरतो, म्हणजे पानाला चिकटून जेवढा आहे तेवढा संपला की पुढचा येईपर्यंत पान नुसतं थांबून. हायड्रिला, वॅलिस्नेरिया यांना पाण्यातलं बायकार्बोनेट वापरता येतं म्हणून ती गॅस न देताही तरारतात. रोटालाला ते जमत नाही. त्यामुळं "माझ्याकडं तर गॅसशिवाय सगळं वाढतंय" असं कुणी म्हटलं तर आधी त्याच्या टाकीत काय लावलंय ते बघा.

तर पहिली बाटली. साखर आणि यीस्टची. कोल्ड्रिंकची सव्वादोन लिटरची रिकामी बाटली घ्यायची, पाण्याची नाही, पाण्याची बाटली पातळ असते, ती प्रेशरसाठी बनवलेलीच नसते. आणि काचेची तर अजिबात नाही.

टोपणाला भोक पाडून पाईप बसवणं हे ऐकायला सोपं आहे पण नव्वद टक्के लोकांचा गॅस इथंच जातो, माझापण गेला. टोपण ज्या प्लास्टिकचं असतं त्याला सिलिकॉन, फेविक्विक, एम-सील, काहीच धरत नाही. वरनं चिकटलंय असं दिसतं, चार दिवसांनी नखानं उचकटलं की पापुद्र्यासारखं निघून हातात येतं. तीन टोपणं अशी वाया घालवली. मग शेडात बसून नीट केलं. पाईप बाहेरनं ६ मिमीचा, तर भोक ५ मिमीच्या ड्रिलनं पाडलं आणि कडेला उठलेली धार (बर) काढून टाकली. पाईपचं टोक पेनाच्या निबासारखं तिरकं कापलं, उकळत्या पाण्यात बुडवून मऊ केलं आणि ते अणकुचीदार टोक भोकातनं आत घालून आतल्या बाजूनं पकडीत धरून एका दमात ओढलं. पाईप आवळून बारीक होतो, सरकतो, आणि गार झाला की भोकात फुगून बसतो. काही चिकटवायचंच नाही. मग बाटली बादलीत बुडवून पाईपात फुंकर मारायची आणि टोपणाजवळनं एक जरी बुडबुडा आला तरी ते टोपण फेकून द्यायचं.

बुडबुडे मोजायला मेडिकलमधनं सलाईनचा सेट आणला. त्यातली ती पारदर्शक नळी असते ना, थेंब पडतात ती, ती उलटी धरायची, निम्मी पाण्यानं भरायची, गॅस खालनं येतो, वरनं जातो, बुडबुडे मस्त मोजता येतात. फक्त त्या सेटला टोचायच्या टोकापाशी हवेचं छोटं भोक असतं, ते मला माहीत नव्हतं, दोन दिवस गॅस तिथनंच जात होता. तेवढा तुकडा कापूनच टाकला. आणि सलाईनचं ते चाक फिरवून यीस्टचा गॅस कधी बंद करू नका. यीस्ट थांबत नाही, तुम्ही तोंड दाबलं तर बाटली फुगत राहते.

मसाला असा: साखर २०० ग्रॅम, कोमट पाणी दीड लिटरपर्यंत, बेकरीच्या सामानाच्या दुकानातलं ड्राय यीस्ट पाव चमचा, चिमूटभर खायचा सोडा. वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवायचा. मी पहिल्यांदा लोभानं साखर ४०० ग्रॅम घातली, म्हटलं दुप्पट दिवस चालेल. चालत नाही. साखरेचं निम्मं वजन गॅस होतं आणि निम्मं दारू होते, आणि पाण्यात दारूचं प्रमाण दहा-बारा टक्क्यांच्या पुढं गेलं की बेकरीचं यीस्ट मरायला लागतं. बाटली थंड पडल्यावर बोट बुडवून चाखलं तर पाणी गोड लागत होतं, म्हणजे उरलेली साखर नुसती वाया गेलेली. २०० ग्रॅममधनं जास्तीत जास्त १०० ग्रॅम गॅस, हा हिशेब धरा.

संध्याकाळी सातला बाटली लावली, रात्री दहापर्यंत काही नाही, झोपायच्या आधी बघितलं तर पाईपात पाण्याचा थेंब पुढं सरकत होता. अकराला पहिला बुडबुडा. मी, बायको आणि लेक, तिघं टाकीपुढं बसून राहिलो. सकाळी आईनं स्वयंपाकघरातनं विचारलं, "घरात कसला वास सुटलाय रे, दारू गाळालायस काय?" तिला सगळं समजावून सांगितलं, इडलीचं पीठ आंबतं तसं साखर आंबते म्हटलं, तर ती म्हणाली मग झाकून ठेव, माणसं येत्यात घरात.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रोटालाच्या पानांवर मोत्यासारखे बारीक बुडबुडे धरले होते, एक एक सुटून वर जात होता. पर्लिंग म्हणतात त्याला. ज्यानं कधी बघितलं नाही त्याला मी सांगून कळणार नाही. झाड श्वास टाकतंय ते डोळ्यानं दिसतं.

आणि मग दोन आठवड्यांनी काळी दाढी आधीपेक्षा जास्त.

हे मला खूप दिवस कळत नव्हतं. गॅस दिला तर अल्गी कमी व्हायला पाहिजे. वहीत रोज बुडबुडे लिहायला लागलो तेव्हा उजेड पडला. दुसऱ्या ते पाचव्या दिवशी सेकंदाला दोन-दोन, आठव्या दिवशी एक, बाराव्या दिवशी चार सेकंदाला एक, पंधराव्या दिवशी बंद. मग मी नवीन बाटली लावणार, परत दोन-दोन. झाड एका मापाला जरा सरावतं तोवर ते माप बदललेलं. काळ्या दाढीला असंच चढ-उतार लागतं. कमी गॅस असेल तरी चालेल पण रोज तेवढाच पाहिजे, आणि मला रोज वेगळा मिळत होता.

याच काळात मी ती चूक केली. करवीर तालुक्यातल्या एका मित्राचं गुऱ्हाळ आहे, त्याच्याकडनं गूळ आणलेला. डोक्यात आलं, साखरेत नुसती साखर असते, गुळात खनिजं असतात, यीस्टला ते आवडतं. ते खरंच आवडतं. रात्री साडेनऊला गुळाची बाटली लावून झोपलो. गुळाला फेस साखरेपेक्षा कितीतरी जास्त येतो आणि मी बाटली नेहमीएवढीच भरलेली. फेस टोपणापर्यंत चढला, पाईपातनं, बुडबुडे मोजायच्या नळीतनं, सगळं भरून सरळ टाकीत. सकाळी सहाला लेक उठवायला आली, "बाबा, मासे वर आलेत." टाकी ताक सांडल्यासारखी पांढरी. नियॉन टेट्रा सगळे पृष्ठभागावर तोंड लावून, तळातले मासे, कोरी, त्या आडव्या पडलेल्या. गोड पाणी टाकीत गेलं की त्यावर बॅक्टेरिया तुटून पडतात आणि पाण्यातला ऑक्सिजन तेच संपवतात, वरनं रात्रभर गॅसपण चालूच. दोन बादल्या, चार बादल्या, निम्मं पाणी काढून साठवणीचं पाणी घातलं, शेजाऱ्यांचा एअर पंप आणला. बारा टेट्रातले पाच गेले. कोरी वाचल्या. लेक त्या दिवशी शाळेत गेली नाही आणि मीपण कामावर उशिरा गेलो.

त्या पाच माशांनी मला दोन गोष्टी शिकवल्या त्या आज कुणीपण बाटली लावणार असेल तर आधी सांगतो. एक, मुख्य बाटली आणि टाकी यांच्या मध्ये अर्ध्या लिटरची दुसरी बाटली पाहिजे, टोपणाला दोन पाईप, आत थोडं पाणी. फेस आला तर तिच्यात थांबतो. दोन, रात्री झाडं गॅस घेत नाहीत, उलट तीच सोडतात, आणि यीस्टला दिवस-रात्र कळत नाही, म्हणून लाईट बंद झाल्यावर एअर पंप चालू झाला पाहिजे, टायमर लावून. तीनशेचा टायमर आणि दोनशेचा पंप. ते पैसे आधी घालवले असते तर.

गुळाचं नाव त्यानंतर काढलं नाही. साखरेवर आणखी पाच महिने काढले, दोन बाटल्या टी (तीन तोंडांचा जोड) लावून जोडल्या, एक या रविवारी बदलायची, दुसरी पुढच्या, म्हणजे एक उतरतीला लागली की दुसरी चढती. बरंच एकसारखं झालं. सिरॅमिक डिफ्युझर यीस्टच्या गॅसला झेपत नाही, तेवढं प्रेशर त्यात नसतं, म्हणून पाईप सरळ फिल्टरच्या तोंडात सोडला, फिल्टरचा पंखा बुडबुडे कापून बारीक करतो. हे काम भारी झालं, ज्यांच्याकडं यीस्ट आहे त्यांनी हेच करा. पण डिसेंबर आला. आपल्याकडं रात्री पारा पंधराच्या आसपास उतरतो, यीस्ट पार ढेपाळतं, सकाळी बुडबुडे मोजायला बसलं तर एकेक बुडबुड्याला चहा पिऊन व्हायचा. बाटली कोमट पाण्याच्या बादलीत ठेवायची, पाणी गार झालं की परत बदलायचं, हे रोज कोण करणार. बायको म्हणाली तुमचा जीव त्या बाटलीत अडकलाय, दुसरं काहीतरी बघा.

दुसरं म्हणजे लिंबूसत्व आणि खायचा सोडा. सायट्रिक ॲसिड. यात जिवंत काही नाही, थंडी-उन्हाळ्याचं काही नाही, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हे बंद करता येतं.

तयार टोपणांचा सेट ऑनलाइन मिळतो, पण मी उद्यमनगरात काम करतो आणि आमच्याकडं न्यूमॅटिकचं सामान हाताशी. पुश-फिट कनेक्टर, ६ मिमीचा पीयू पाईप, पितळी नीडल व्हॉल्व्ह, दोन एनआरव्ही (एकाच दिशेनं सोडणारे व्हॉल्व्ह), प्रेशर बघायचं शून्य ते चार किलोचं (चौरस सेंटिमीटरला किलो) छोटं गेज. सगळं मिळून नऊशे साठ रुपये झाले. टोपणांच्या जागी लेथवर ॲल्युमिनियमची टोपणं करून घेतली, आत ओ-रिंग. हे ज्याला जमत नसेल त्यानं सरळ तयार सेट घ्यावा, टोपणावर पैसे वाचवू नका.

आता हे चालतं कसं ते नीट सांगतो कारण समजून न घेता लावलं तर भीती वाटते. दोन बाटल्या. पहिलीत लिंबूसत्वाचं पाणी, दुसरीत सोडा आणि थोडं पाणी. पहिलीच्या तळापासनं एक पाईप दुसरीत जातो, त्यात एनआरव्ही, म्हणजे पाणी पुढं जाईल, मागं येणार नाही. दुसरीच्या वरनं एक पाईप परत पहिलीच्या वरच्या रिकाम्या जागेत, त्यातपण एनआरव्ही, गॅस तेवढा मागं येतो. सुरू करताना पहिली बाटली हातानं दाबायची, थोडं लिंबूपाणी सोड्यात पडतं, फसफसतं, गॅस होतो, तो गॅस मागच्या पाईपानं पहिलीतपण भरतो, दोन्हीकडं प्रेशर सारखं झालं की थांबलं. आता तुम्ही नीडल व्हॉल्व्ह उघडून टाकीला गॅस सोडला की दुसरीचं प्रेशर किंचित उतरतं, पहिलीचं जास्त राहतं, ते परत थोडं लिंबूपाणी ढकलतं. आपलं आपण. व्हॉल्व्ह बंद केला की दोन्हीकडं परत सारखं, आणि खेळ थांबतो. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा रात्री झोप लागली नाही. दोन एनआरव्ही आणि दोन बाटल्या, बाकी काही नाही, वीज नाही, आणि ते स्वतःला स्वतः सांभाळतं.

दोन्ही बाटल्या एकाच उंचीवर ठेवायच्या. मी एक स्टुलावर आणि एक खाली ठेवलेली तर लिंबूपाणी सायफननं हळूहळू उतरत राहिलं आणि सकाळी गेज चढलेलं.

पण खरा प्रसंग पहिल्याच दिवशी झाला. उत्साहात बाटली एकदा दाबायच्या ऐवजी तीन वेळा दाबली. गेज एक किलो, दोन किलो, अडीच, तीन, थांबेचना. बाटली हाताला दगडासारखी लागत होती. मी बायकोला आणि लेकीला आतल्या खोलीत पाठवलं आणि डिफ्युझरचा पाईप काढून नीडल व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडत गॅस हवेत सोडला, खिडक्या उघड्या ठेवून. साडेतीनला थांबलं आणि मग उतरायला लागलं, पण ती दहा मिनिटं मी विसरणार नाही. आता एकदा अलगद दाबायचं, पाच मिनिटं थांबायचं, गेज बघायचं, लागलं तरच दुसऱ्यांदा. दीड ते दोन किलोत ठेवतो. बाटल्या एका बादलीत उभ्या, उन्हात कधी नाही, आणि सहा महिन्यांनी बाटल्या नवीन, दहा-वीस रुपयांच्या रिकाम्या बाटलीसाठी जीव धोक्यात घालायचा नाही. प्लास्टिकचे स्वस्त एनआरव्ही या गॅसला टिकत नाहीत, चिकटून बसतात, पितळीच घ्या.

प्रमाण सगळे २०० ला २०० सांगतात. मी अकरावी-बारावी सायन्स केलेलं त्यामुळं कागदावर मांडून बघितलं. २०० ग्रॅम सोड्याला लिंबूसत्व दीडशेच्या थोडं वर पुरतं, दाण्यातच पाणी धरलेल्या (मोनोहायड्रेट) प्रकारातलं असेल तर १६७. वरचं सगळं नुसतं पडून राहतं. पण तळातलं शेवटचं पाणी पाईपाला ओढता येत नाही म्हणून मी १७५ घेतो, ४०० मिलि पाण्यात विरघळवून. सोड्याच्या बाटलीत २०० मिलि पाणी. यातनं १०५ ग्रॅमच्या आसपास गॅस होतो, म्हणजे घरातल्या तापमानाला ५८ लिटर. सेकंदाला एक बुडबुडा, रोज साडेसात तास, असं धरून माझ्याकडं एक भरणं बावीस-तेवीस दिवस जातं. सोडा खायचाच घ्या, धुण्याचा नाही आणि बेकिंग पावडर तर नाहीच नाही, वाण्याकडं तिन्ही शेजारी शेजारी असतात.

आता गॅस किती आहे हे कळायचं कसं, बुडबुड्यांवर जाऊ नका. माझा बुडबुडा आणि तुमचा बुडबुडा सारखा नसतो. ड्रॉप चेकर लावा, काचेची ती छोटी वाटी टाकीत उलटी चिकटवायची, निळं म्हणजे कमी, हिरवं म्हणजे तीसच्या आसपास, पिवळं म्हणजे माशांना धोका. पण त्यात टाकीचं पाणी घालून चालत नाही, मी दोन महिने तेच केलं, मला तसंच करायला सांगितलेलं. त्यात ४ केएचचं (केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) पाणीच पाहिजे, नाहीतर रंग खोटं बोलतो.

ते पाणी विकत घेतलं तर छोट्या बाटलीला दोन-अडीचशे. मी घरी केलं. बॅटरीवाल्याकडनं डिस्टिल्ड वॉटर आणलं. एक लिटरमध्ये खायचा सोडा बरोबर १.२ ग्रॅम, म्हणजे ४० केएच होतं, त्यातलं एक माप आणि नऊ मापं साधं डिस्टिल्ड, झालं ४ केएच. प्रश्न १.२ ग्रॅम मोजायचा. घरच्या काट्यावर ते कळत नाही. शाळेतला एक मित्र गुजरीत सोन्याच्या दुकानात आहे, त्याच्याकडं पुडी घेऊन गेलतो. त्यानं काट्याची काच सरकवली, बटर पेपरचा तुकडा ठेवला, शून्य केलं आणि चमच्याच्या टोकानं सोडा टाकत टाकत १.२०० वर आणून थांबला. मागं गिऱ्हाईक बसलेलं मंगळसूत्र बघायला, ते विचारतंय हे काय आहे. मित्रानं पुडी बांधून दिली आणि म्हणाला, "हे सोन्यापेक्षा जपून ने." त्या पाण्यात पीएच टेस्ट किटमधले थेंब टाकले, ज्यात ब्रोमोथायमॉल ब्लू असतं ते किट, आणि वाटी भरली. त्या एका लिटरवर माझं आयुष्यभर भागेल.

खरा रंग दिसायला लागला तेव्हा कळलं की इतके दिवस मी जे हिरवं समजत होतो ते निळंच होतं. गॅस हळूहळू वाढवला, दोन-दोन दिवस थांबून, मासे बघत. वाटीचा रंग दीड-दोन तास मागं असतो, त्यामुळं घाईनं व्हॉल्व्ह फिरवला आणि रंग बदलला नाही म्हणून परत फिरवला असं करायचं नाही, मासे आधी सांगतात, रंग नंतर. आता सकाळी साडेनऊला बायको व्हॉल्व्ह उघडते, अकराला लाईट लागतो, सहाला लाईट बंद, आणि पाचलाच शाळेतनं आलेली लेक व्हॉल्व्ह बंद करते. तिला व्हॉल्व्हवर मार्करनं खूण करून दिलीय, उघडताना कुठपर्यंत, बंद करताना कुठपर्यंत.

लाईटपण दहा तासांवरनं सात तासांवर आणला. दुकानातले दादा पहिल्या दिवशी बोललेले ते निम्मं मी ऐकलंच नव्हतं, लाईट लै हाय म्हणालेले. नुसता लाईट कमी केला असता आणि अन्युबियस, जावा फर्न, क्रिप्टो एवढंच लावलं असतं तर गॅसची गरजच नव्हती. ज्याला रोज बघायला वेळ नाही त्यानं तेच करावं, त्यात कमीपणा काही नाही, त्या टाक्यापण सुंदर दिसतात. मला रोटाला पाहिजे होती म्हणून हे सगळं.

खर्चाचं विचाराल तर यीस्टला महिन्याला वीस-पंचवीस रुपये पुरायचे, लिंबूसत्व-सोड्याला मला साठ-सत्तर पडतात. तिप्पट झालं. पण यीस्टच्या वेळी रोजचा अर्धा तास जायचा आणि जीव टांगणीला, आता तीन आठवड्यांनी एकदा रविवारी वीस मिनिटं. मोठी टाकी असेल, तीन-चार फुटी, तर मात्र बाटल्यांच्या नादी लागू नका, दर आठवड्याला भरत बसाल, तिथं सिलिंडरच परवडतं. माझी साठ लिटरची आहे, तिथपर्यंत हे छान.

काळी दाढी पूर्ण जायला तीन महिने लागले. जुनी पानं मी कापूनच टाकली, नवीन पानांवर आली नाही. रोटाला आता दर पंधरवड्याला वरती येते, टोकं तांबूस होतात, कापून परत खाली रोवतो, खालची पानं शाबूत आहेत, मातीपर्यंत.

गेल्या रविवारी फौंड्रीतले मामा घरी आलेले. नातवानं टाकी घेतलीय म्हणे, झाडं टिकत नाहीत. टाकीपुढं खुर्ची ओढून बराच वेळ बसले, गेज बघितलं, दीड किलो म्हणाले, बादलीतल्या बाटल्या हात लावून बघितल्या, मग डिफ्युझरकडं बघत राहिले. "आमच्यात ह्यानं वाळू दगड हुती आणि हितं पानं फुटत्यात," म्हणाले. जाताना रोटालाची वीस-पंचवीस टोकं ओल्या पेपरात गुंडाळून, वरनं पिशवी बांधून दिली. आधी लाईट सहा तास ठेवायला सांगा म्हटलं नातवाला, गॅसचं मग बघू. टोपणांची एक जोडी शनिवारी शेड सुटल्यावर त्यांना करून देणार आहे, गेज मात्र नवीन घ्यायला सांगितलंय.